गागरीनंतरची गाणी

डॉक्टरने प्रश्न मंदाला विचारला होता, उत्तर मी दिलं. घडलं ते एवढंच. गोत्रीच्या त्या नव्या दवाखान्यात मंदा खुर्चीत मान मागे टाकून बसली होती. नाकातून एक बारीक नळी आत गेलेली, नळीच्या टोकाला कॅमेरा, आणि समोरच्या पडद्यावर माझ्या बायकोचा घसा. सेहेचाळीस वर्षं संसार केला, पण या बाईला आतून पाहायची वेळ आज आली. ओलं, गुलाबी, सारखं हलणारं काहीतरी होतं. मधे दोन पांढुरक्या पट्ट्या. त्या एकमेकींजवळ यायच्या आणि पुरत्या न भेटताच लांब जायच्या, कारण दोघींच्याही काठावर तांदळाच्या कणीएवढी एकेक गाठ बसली होती. डॉक्टर मिताली, वय असेल बत्तीस-तेहेतीस, पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "बा, तमे टीचर हतां? के बूमो पाडवी पडे एवुं कंई काम?" शिक्षिका होता का, ओरडावं लागेल असं काही काम होतं का. मंदाच्या नाकात नळी, ती बोलणार कशी? मी म्हणालो, "ना बेन, घरे ज. रसोडुं ने छोकरां." नाही, घरीच असते, स्वयंपाकघर आणि पोरं. इतक्या झटकन म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं. हे उत्तर किती वर्षं तोंडात तयार होतं कोण जाणे. मंदाने फक्त डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरने कागदावर काहीतरी लिहिलं आणि नळी काढून घेतली.

मग आम्हाला टेबलासमोर बसवून तिने समजावून सांगितलं. गाठी जुन्या आहेत, नुसत्या गाठी नाहीत, खाली व्रणही आहेत. माझ्या जन्माच्या आधीचं काहीतरी दिसतंय, असं ती हसून म्हणाली. आजपासून पंधरा दिवस पूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजण्याने तर जास्तच ताण येतो. औषधाने सूज उतरली की पुन्हा बघायचं आणि मग गाठी काढायच्या. पण त्या आल्या कशाने ते कळलं पाहिजे, कारण नंतर आवाज कसा वापरायचा ते शिकवतात, आणि मूळ चूक ठाऊक नसेल तर गाठी काढून उपयोग नाही, पुन्हा होतात. "कंई याद आवे तो फोन करजो, अंकल," ती म्हणाली. मी मान डोलावली. कागदावर एक रकाना होता, त्यात तिने 'नथी' असं लिहिलेलं मला उलटं दिसत होतं. काही नाही. मंदाची चाळीस वर्षं एका शब्दात आटोपली होती, आणि तो शब्द माझा होता.

हरणीला घरी परतायला रिक्षा केली. अलकापुरीच्या गरनाळ्यात, रेल्वेखालच्या त्या बोगद्यात, नेहमीप्रमाणे तुंबलो. नवरात्र पंधरा दिवसांवर आलेलं, जिकडेतिकडे गरब्याच्या मैदानांच्या मोठमोठ्या पाट्या, चनियाचोळी घातलेल्या मुली पाट्यांवर हसत होत्या. रिक्षावाल्याने मागे स्पीकर बसवला होता. कुठल्यातरी नव्या मुलीचा गरबा चालू होता, खाली ढोल असा की मणका हलावा. तिसऱ्या ओळीला तिचा आवाज वर जाऊन किंचित फाटला. सफाईने फाटला. आता सगळ्याच असं गातात, फॅशनच आहे ती. कुणाला ठाऊकही नसेल कुठून आली. माझ्याशेजारी बसलेल्या साठी ओलांडलेल्या, सुती साडीतल्या बाईकडून आली. तिच्या हातात औषधाची पिशवी होती आणि गेली दहा वर्षं कुरियरवाले तिला फोनवर 'अंकल' म्हणतात. मी मंदाकडे पाहिलं. ती बाहेर बघत होती. रिक्षावाल्याला आवाज कमी करायला सांगावं असं वाटलं, पण सांगितलं नाही. थकवा आला होता. हल्ली मला कुठल्याही गोष्टीच्या आधी थकवा येतो आणि मग ती गोष्ट करायची राहून जाते.

एक्याऐंशी साल. आमचं लग्न होऊन दोन वर्षं झालेली. मी वीज मंडळात कारकून होतो आणि संध्याकाळी एका ऑर्केस्ट्रात पेटी वाजवायचो. वाजवायचो म्हणजे भाता ओढायचो. आमच्या घराण्यात सूर असा कुणाला नव्हताच. आजोबा संस्थानच्या पलटणीच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवत, तेवढाच आमचा संगीताशी संबंध. त्या घरात मंदा आली ती गळा घेऊनच आली. स्वच्छ, सरळ, पहाटे नळाला पाणी यावं तसा तिचा आवाज यायचा. ऑर्केस्ट्रात ती कोरसमध्ये उभी राहू लागली. विक्रमसिंह नावाचा एक माणूस गरब्यांच्या रेकॉर्डी काढायचा. त्याची मुख्य गायिका ऐन वेळी आली नाही, आणि त्याने कोरसमधल्या मंदाला पुढे केलं. गाणं गागरीचं होतं. सून गागर घेऊन विहिरीवर जाते, तिथे रेंगाळते, आणि तिसऱ्या ओळीत सासू दारातून हाक मारते की लवकर ये. मंदाने ती तिसरी ओळ म्हटली आणि आवाज वर जाऊन फाटला. कापड टरकन फाटावं तसा नव्हे, जुनं लुगडं वापरून वापरून जिथे विरतं तिथून फाटावं तसा. गाणं संपल्यावर कोरसच्या पोरी तोंडाला पदर लावून हसत होत्या. विक्रमसिंहने काचेमागून विचारलं, "शुं थयुं, बेन?" काय झालं. मंदा म्हणाली, सर्दी झालीय. दुसऱ्यांदा घ्यायला वेळ नव्हता, स्टुडिओ दुपारपर्यंतच मिळालेला. तीच रेकॉर्ड बाहेर पडली, आणि त्या नवरात्रात करजणपासून कलोलपर्यंत एक गल्ली अशी नव्हती जिथे ती लागली नाही.

मी किती हुरळून गेलो होतो ते आता आठवलं की लाज वाटते. ऑफिसात साहेब मला 'गागरवाळा' म्हणू लागला आणि मला ती पदवी वाटली. घरी रेकॉर्डप्लेअर आणला, आईला समोर बसवलं. माझी आई चिमणाबाई, वडील गेल्यावर एकटीने मला वाढवलेली, कमी बोलणारी, सकाळ-संध्याकाळ मिश्री लावून बोटं काळी करणारी बाई. तिने गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आई म्हणाली, "हा काही हिचा आवाज नव्हे." मी म्हणालो, "सर्दी झाली होती तिला, आई." "सर्दी म्हणे," आई म्हणाली आणि मिश्रीची डबी उचलून मागच्या पायरीवर जाऊन बसली. तिला सुनेचं कौतुक बघवत नाही असं मी समजलो. तिचं काही चुकलं की मी ते लगेच समजत असे. बरोबर असलेलं समजायला मात्र मला फार वेळ लागतो.

आईचा विषय निघाला की एक गोष्ट मला नेहमी खुपते. ती चौऱ्याऐंशीत गेली. तिचे हात आठवतात, मिश्रीचा करपट वास आठवतो, चालताना उजवा पाय जरा बाहेर टाकायची तेही आठवतं. आवाज आठवत नाही. मी बाहेरून आलो की ती रोज काय म्हणायची ते शब्द पाठ आहेत, पण त्या शब्दांना आवाजच नाही. घरात रेकॉर्डप्लेअर होता, पुढे टेपरेकॉर्डर आला, दर वर्षी आम्ही स्टुडिओत जायचो, पण त्या बाईचे चार शब्द कुठे धरून ठेवावेत असं मला सुचलं नाही. मोलाची वस्तू घरात असली की माणूस ती उद्यावर टाकतो. हे मी मंदाला पुष्कळदा बोलून दाखवलं. ती दर वेळी गप्प बसायची. तिचं आणि आईचं फारसं जमत नव्हतं, म्हणून गप्प बसत असेल असं मला वाटायचं.

तर गागर चालली म्हटल्यावर विक्रमसिंहने पुढच्या वर्षी 'बेडुं' काढलं. बेडुं म्हणजे घागरीवर ठेवलेली घागर. मग माटली, मग कळशो. दर वर्षी सुनेच्या डोक्यावरचं भांडं तेवढं बदलायचं, बाकी चाल तीच, ढोल तोच, कोरसचं 'हो हो' तिथेच. शेवटी शेवटी आम्ही लोट्यापर्यंत उतरलो होतो, आणखी एक वर्ष चाललं असतं तर वाटीवर गाणं झालं असतं. पण हे मी आता हसून सांगतो. तेव्हा ते देवपूजेसारखं चालायचं. विक्रमसिंहने स्टुडिओच्या फरशीवर खडूने मंदाच्या चपलांचा आकार काढून ठेवला होता, पहिल्या दिवशी ती उभी होती बरोबर तिथे. साडी तीच, हिरवी, जुनी झाली तरी तीच. चहा त्याच लारीवरून, त्याच हातगाडीवाल्याचा. पहिल्या रेकॉर्डमध्ये कुणाचं तरी स्टूल करकरलं होतं, ते ऐकू येतं, म्हणून ते स्टूल शोधून आणलं आणि त्याच जागी त्याच माणसाला त्याच्यावर बसवलं. आणि एवढं करून 'बेडुं' पडलं. मंदाने ते स्वच्छ आवाजात म्हटलं होतं, तिसरी ओळ सरळ वर गेली आणि सरळ खाली आली. इतकं सुंदर ती त्याआधी किंवा त्यानंतर कधी गायली नसेल. एकाही मंडपाने ते दुसऱ्यांदा लावलं नाही. विक्रमसिंह हात जोडून म्हणाला, "बेन, बधुं बराबर. पण पेली तिराड जोइए." सगळं ठीक, पण ती चीर पाहिजे.

चीर पाहिजे. मंदा खडूच्या चपलांवर उभी होती. तेव्हा मला युक्ती सुचली. युक्ती सुचणाऱ्या माणसाला त्या क्षणी फार बरं वाटतं. सर्दीने तिराड पडली ना, मग सर्दी करू. माटलीच्या वेळी रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी मी मांडवीहून बर्फाचा गोळा आणला, काला खट्टा, मंदाला आवडायचा तो. वर थंड दही, पेरू. तिने सगळं खाल्लं. दुसऱ्या दिवशी तिराड आली. विक्रमसिंहने काचेमागून अंगठा दाखवला आणि मला वाटलं, हे मी केलं. कळशाच्या वेळी नुसत्या बर्फाने भागेना, म्हणून स्कूटरवर मागे बसवून मी तिला हरणीला घेऊन आलो. तेव्हा इथे शेतं होती, विमानतळाचं तारेचं कुंपण आणि पुढे बाजरी. संध्याकाळचं मुंबईचं विमान उतरायचं त्या आवाजात तिला ओरडायला लावायचं, म्हणजे कुणाला ऐकू जाणार नाही. विमान येईपर्यंत आम्ही कुंपणाजवळ थांबायचो. ते डोक्यावर आलं की मी म्हणायचो, हं, आता. ती ओरडायची. काय ओरडायचं हे ठरलेलं नव्हतं. कधी माझं नाव, कधी नुसताच आ. विमान गेलं की पुढच्यासाठी थांबायचं, पण पुढचं तासभर नसायचं, मग विमानाविनाच ओरडायचं. घसा बसला की तिला स्कूटरवर घेऊन घरी. येताना ती माझ्या पाठीला डोकं टेकायची. मला वाटायचं, प्रेमाने. थकलीही असेल.

करजणला एका वर्षी कार्यक्रम होता, शेवटच्या कॅसेटच्या आसपासचा. लोकांनी लोटा, कळशो काही ऐकून घेतलं नाही, गागरच म्हणा. मंदाने सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला तिने तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. चीरही नाही आणि सूरही नाही, नुसती हवा. आणि समोरच्या हजारएक बायकांनीच ती ओळ उचलली, सगळ्यांनी मिळून, बरोबर जिथे फाटायची तिथे आवाज फाडून. लोकांना वाटलं तिनेच मुद्दाम त्यांच्यावर सोडली. टाळ्या पडल्या. मंदा माइकसमोर हात जोडून उभी होती. मी पेटीमागून तिची पाठ बघत होतो, हिरवी साडी खांद्याजवळ विरलेली. परत येताना ती म्हणाली, "बस ना आता?" मी म्हणालो, "बस." त्यावर पुढे कधी बोलणं झालं नाही. विक्रमसिंहला दुसरी मुलगी मिळाली. आवाज हळूहळू सुधारेल असं आम्ही दोन वर्षं म्हणत होतो, मग म्हणायचं सोडून दिलं. मुलीच्या बारशाला पाळणा शेजारणींनी म्हटला. माणसाला सगळ्याची सवय होते म्हणतात. मला झाली, कारण घसा माझा नव्हता.

घरी पोचलो तेव्हा चार वाजले होते. सोसायटीच्या फाटकाशी खालच्या मजल्यावरची संपदा उभी होती, बाजूच्या इमारतीत माळ्यावरून काहीतरी उतरवणं चाललं होतं तिकडे बघत. "काय म्हणाल्या डॉक्टर, आजी?" तिने विचारलं. मंदाने ओठांवर बोट ठेवलं. "पंधरा दिवस मौनव्रत," मी म्हणालो. "आजोबांना मज्जा," संपदा म्हणाली, आणि आम्ही तिघंही हसलो. लिफ्टमध्ये मी आरशातल्या स्वतःकडे बघायचं टाळलं. आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. अकरा वर्षांपूर्वी घेतला तेव्हा मी गच्चीवर उभा राहून अंदाज काढला होता. ते कुंपण, ती बाजरी, म्हणजे जवळजवळ इथेच. जिथे उभं करून मी तिला ओरडायला लावलं त्याच जागेच्या वर आम्ही आता राहतो. हे तिच्या लक्षात आलंय का ते मी कधी विचारलं नाही. डोक्यावरून विमान गेलं की आम्ही दोघंही बोलणं थांबवतो. इतर घरांत लोक मोठ्याने बोलू लागतात. आम्ही थांबतो आणि ते गेल्यावर पुढे बोलतो.

तिने आल्या आल्या ड्रॉवरमधून कॅलेंडरची मागची पानं काढली. जून, जुलै, ऑगस्ट. कपाटात अंथरायला ती जपून ठेवते. नात सानवी सुट्टीत आलेली, तिचं निळं स्केचपेन राहिलं होतं. पानाच्या कोऱ्या बाजूवर तिने लिहिलं, 'चहा?' मी म्हणालो, मी करतो. डॉक्टरचा नंबर फोनमध्ये होता. फोन करून सांगायचं एवढंच होतं की मॅडम, रकान्यात लिहा, नवऱ्याने बर्फ खायला घातला आणि विमानाखाली ओरडायला लावलं. सहा वर्षं. मूळ चूक कळली पाहिजे म्हणाली होती, तर मूळ चूक म्हणून माझं नाव लिहा. सांगितलं नाही तर ते गाठी काढतील, पुन्हा होतील, आणि या वेळी मी तिच्या तोंडावर खोटं बोलून त्या घडवलेल्या असतील. आणि सांगायचं तर आधी मंदाला सांगायला हवं. चाळीस वर्षं आम्ही ज्याबद्दल बोललो नाही ते बोलायचं, आणि तेही ती उलट काही बोलू शकत नसताना. हीसुद्धा मी माझी सोय बघितली की काय, असं मनात आलं. चहा उतू गेला. पुसून घेतला आणि उरलेला दोन कपांत ओतला.

मी तिच्यासमोर बसलो. म्हणालो, "मंदा, मी डॉक्टरला खोटं सांगितलं." ती चहा फुंकत होती. "तुझा घसा मी घालवला. बर्फ, दही, ते ओरडणं. तिराड पाहिजे म्हणून. तुला एकदाही विचारलं नाही. तू नाही म्हटलं नाहीस म्हणून मला वाटलं, तुलाही तेच हवंय." एवढंच होतं. इतकी वर्षं छातीवर दगड होता असं वाटायचं, बाहेर काढला तर मूठभर शब्द. ती माझ्याकडे बघत राहिली. ना राग, ना डोळ्यांत पाणी. काहीसं, मूल हरवलेली वस्तू चुकीच्या जागी शोधत असलं की बघावं, तसं बघत होती. मग तिने जुलैचं पान पुढे ओढलं आणि लिहिलं, 'मी पण.'

"तू पण काय?"

'खोटं.' त्याच्या खाली, 'सर्दी नव्हती.'

मला कळेना. कुठली सर्दी? "गागरीच्या दिवशी?" तिने मान हलवली. "अगं, तूच म्हणालीस विक्रमसिंहला." तिने पुन्हा मान हलवली, हो, मीच म्हणाले. मग ती भराभर लिहू लागली. निळं अक्षर, शाळेत गिरवलेलं असावं तसं नीट. ती लिहीत होती आणि मी उलट बाजूने वाचत होतो. तिसरी ओळ सासूची होती ना. कोरसच्या मुलींना हसवायला नक्कल केली. चांगला घेणार होते दुसऱ्यांदा, वेळच नव्हता. विचारलं तेव्हा घाबरून सर्दी म्हणाले. ऑगस्टचं पान. घरी ऐकलं तेव्हा आईंना कळलं. तुम्हाला नाही कळलं. म्हणून बेडुंला नीट गायले, पुन्हा कधी करायचं नाही ठरवलं. मग तुम्ही बर्फ घेऊन आलात.

"मग बोलली का नाहीस?" मी म्हणालो. "म्हणजे तुला बर्फाशिवाय जमत होतं?"

'जमत होतं. माटलीला नक्कलच केली.'

"आणि बर्फ?"

तिने पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. 'काय सांगणार? तुमच्या आईची नक्कल विकते म्हणून? त्या घरात होत्या. आणि तुम्ही इतके खूश होता. पहिल्यांदाच काहीतरी तुम्हाला सुचलं होतं.' मग पानाच्या कोपऱ्यात, जागा उरली नव्हती म्हणून बारीक अक्षरात, 'त्या गेल्या तेव्हा सांगणार होते. पण कळशापर्यंत खरंच फाटला होता. मग नकलेची गरज राहिली नाही.'

मी ते पान हातात घेऊन बसलो. उलट्या बाजूला ऑगस्ट होता. नारळी पौर्णिमा, गोकुळाष्टमी, मंदाने फुल्या मारून केलेले दुधाचे हिशेब. म्हणजे काही करायचीच गरज नव्हती. ती बाजरी, ते कुंपण, तिचं ते ओरडणं, पाठीला टेकलेलं डोकं, सगळं मी एका सर्दीसाठी केलं जी झालीच नव्हती. आणि तिने ते होऊ दिलं, कारण मी खूश होतो. माझ्यावर रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. रागही तिने माझ्यासाठी ठेवला नव्हता. विक्रमसिंहने खडू, स्टूल, चहा, साडी, सगळ्याची नक्कल केली आणि ज्याची करत होता तीच मुळात नक्कल. करजणच्या त्या हजार बायकांनी नकलेचीच नक्कल केली, आणि आज रिक्षातल्या त्या पोरीने त्यांची. हे सगळं मला अगदी शांतपणे सुचत होतं. मग जे सुचायला हवं होतं ते सगळ्यांत शेवटी सुचलं. ती रेकॉर्ड मी हजारदा ऐकली होती. कितीएक मंडपांत, रिक्षांत, लग्नांत. चाळीस वर्षं मी म्हणत होतो, आईचा आवाज आठवत नाही, कुठे धरून ठेवला नाही. आणि सगळा गुजरात त्याच्यावर टाळ्या देत नाचत होता. एकट्या मला ओळखू आला नाही.

"मंदा," मी म्हणालो, "खरंच तसा होता? आईचा?" तिने मान डोलावली, हो. "मला अजूनही आठवत नाहीय गं. आता तू सांगितल्यावरसुद्धा. गागर आठवते, त्यात आई ऐकू येत नाही." मी हे बोलताना रडत होतो हे मला नंतर कळलं, चष्मा ओला झाला तेव्हा. ती पान पुढे ओढेल असं मला वाटलं, पण तिने पेनला टोपण लावलं आणि ते बाजूला ठेवलं. बाहेरून घरघर येऊ लागली, संध्याकाळचं विमान. आम्ही दोघं गप्प बसलो. काचा थरथरल्या, कपबशा किणकिणल्या, आणि आवाज डोक्यावरून धावपट्टीकडे गेला. तिने तो पूर्ण जाऊ दिला. "नको," मी म्हणालो, "डॉक्टर म्हणाली आहे, नको." तिने ऐकलं नाही. जरा वाकली, मान किंचित डावीकडे झुकवली, कुणीतरी मागच्या पायरीवर बसलेलं असावं तशी.

"आलास का रे प्रताप? पाय धू आधी."

शेवटचा शब्द वर जाऊन फाटला. मिश्रीचा वास आला. मी त्र्याहत्तर वर्षांचा माणूस खुर्चीतून उठलो, न्हाणीघरात गेलो, पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला, आणि नळाखाली दोन्ही पाय धुतले, घोट्यांपर्यंत, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा, आई सांगायची तसे. मग ओल्या पायांनीच बाहेर येऊन डॉक्टरला फोन लावला.